नाळ कोणी ओढली?

१

कोटाचा खिसा आतून बाहेर काढावा, तशी एका बाळंतिणीची गर्भपिशवी उलटून टेबलावर आली होती. मूल जगले. आईही जगली, मात्र तिला वाचवण्यासाठी पिशवी काढून टाकावी लागली, आणि पहिलटकरीण म्हणून आलेल्या त्या मुलीचे पहिले बाळंतपण हेच शेवटचे ठरले. असा प्रकार पुष्कळ डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत एकदाही पाहायला मिळत नाही. तो कोणामुळे घडला हे ठरवायला त्या रुग्णालयाला एक दुपार पुरली होती.

"फक्त सही हवी आहे," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

समोर बसलेल्या वृद्ध स्त्रीने चष्मा पुसला, पण कागदाला हात लावला नाही. त्या परिचारिका-विद्यालयाच्या निवृत्त प्राचार्या होत्या. या इमारतीतल्या निम्म्या सिस्टर त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांचा राग करणारेसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणत.

"सहीच हवी होती तर मला कशाला बोलावलंत? शिक्का चालला असता."

"तुमच्या शब्दाला वजन आहे, बाई."

"कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवायला वजन लागतंच. ठीक आहे. काय म्हणतो कागद?"

कागद थोडक्यात बोलत होता. मूल झाल्यावर पिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली वार आपसूक सुटण्याची वाट न पाहता धाकट्या सिस्टरने नाळ ओढली. वारेबरोबर पिशवीही ओढली गेली आणि उलटली. साक्षीदार स्वतः मोठे डॉक्टर. किंकाळी ऐकून ते आत धावले, तेव्हा सिस्टर नाळेचे दोन वेढे मुठीला देऊन ओढत होती, असे त्यांनी लिहून दिले होते. उद्या दुपारी समिती बसणार, सिस्टरची नोंदणी रद्द होणार आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार. मग ती मुलगी कुठल्याही बाळंतिणीच्या उशाशी पुन्हा कधी उभी राहणार नव्हती.

"दोन वेढे," बाई म्हणाल्या. "तपशील चांगला आहे. एखाद्या पाठ्यपुस्तकात शोभेल."

"सरांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि ती नाळ, ती वार? तपासणीला पाठवली असेल ना?"

अधीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिले. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

"नाही. सर म्हणाले, कारण उघड आहे, तपासायचं काय? जाळून टाकली."

बाईंनी कागदाची घडी केली आणि सही न करताच तो आपल्या थैलीत टाकला.

२

धाकट्या सिस्टरला सगळे 'शिडी' म्हणत, कारण वरच्या फळीवरचा डबा काढायला वॉर्डात तिलाच हाक मारीत. निलंबित असली तरी रुग्णालयाने तिला फुकट बसू दिले नव्हते. निर्जंतुकीकरणाच्या खोलीत ती गॉजच्या घड्या घालीत होती. बाईंना पाहून ती उठली.

"बस. तू उभी राहिलीस की माझी मान दुखते," बाई म्हणाल्या. "आता सांग. मला काय ऐकायला आवडेल ते सांगू नकोस. काय झालं ते सांग."

"मूल झालं, ते रडलं नाही. निळसर होतं, अंग सैल. मी चिमटे लावले, नाळ कापली आणि त्याला घेऊन कोपऱ्यात वॉर्मरकडे गेले. तोंड भिंतीकडे, पाठ टेबलाकडे. हवेचा फुगा दाबून श्वास देत होते. मग किंकाळी आली."

"नाळ कुठे कापलीस?"

"बाळाकडे लांब ठेवून. शिरेतून औषध द्यायची पाळी आली तर जागा हवी. तुम्हीच शिकवलंत."

"मी काय शिकवलं ते मला पाठ आहे. तू काय केलंस ते विचारतेय."

"तेच केलं."

"तुझ्या पाठीमागे कोण होतं?"

शिडीने आणखी एक घडी घातली. कोपरे नीट जुळवले.

"मी पाहिलं नाही."

"ऐकलं असशील."

"मूल रडत नसलं ना बाई, की दुसरं काही ऐकू येत नाही. भूकंप झाला असता तरी कळला नसता."

"बरं. उलटलेली पिशवी आत कोणी लोटली? ती तशीच राहिली असती तर ही बाळंतीण टेबलावरच गेली असती."

"चिमणीताईंनी." मुलीचा चेहरा प्रथमच मऊ झाला. "त्यांचा हात लहान आहे. मूठ वळून एका दमात आत. मी बाळाला घेऊन वळले तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत रक्तात होता आणि त्या बाळंतिणीला म्हणत होत्या, माझ्याकडे बघ, दुसरीकडे बघू नकोस. नंतर रक्त थांबेना, म्हणून ऑपरेशन. पण तिथवर जिवंत नेली ती त्यांनी."

चिमणी म्हणजे लेबर रूमची इन्चार्ज. चणीने चिमणीएवढी आणि बाईंची आजवरची सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

"म्हणून तू गप्प आहेस?"

"मी पाहिलं नाही म्हणून गप्प आहे. न पाहिलेलं सांगणारे इथे आधीच पुरेसे आहेत."

बाईंना हसू आले. ते त्यांनी चष्म्याआड ठेवले.

"डॉक्टर तुला भेटले?"

"भेटले. प्रेमानं बोलले. म्हणाले, चूक लिहून दे, मी पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही. मी म्हटलं, सर, चूक केली असती तर सवलत न मागता लिहून दिली असती."

"मग?"

"मग त्यांचं प्रेम संपलं."

३

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात तिची आत्या खुर्ची टाकून बसली होती. कोणी पहारा नेमला नव्हता. तिने स्वतःच नेमला होता.

"तुम्हीही सही घ्यायला आलात का?" तिने विचारले. "तुमचे कागद संपले असतील एव्हाना. घरून आणू का?"

"मी सही मागत नाही. मी ऐकायला आले आहे."

"अगं बाई. इथे ऐकणारंही माणूस आहे म्हणायचं." आत्याने खुर्ची सरकवून जागा केली. "बसा मग. मी भाचीच्या उशाशी होते. मूल रडेना, तशी मी लागले ओरडायला. त्या एवढ्याश्या इन्चार्जबाईनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं. दिसते एवढीशी, पण ढकलते अशी, की मी समोरच्या भिंतीला टेकूनच थांबले."

"म्हणजे किंकाळीच्या आधी ती आत होती."

"आत होती म्हणून तर मला बाहेर काढलं. बाहेरून कसं काढणार?"

"आणि डॉक्टर?"

"ते माझ्या अंगावरूनच आत गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. नंतर किंकाळी. मग मी कशाला थांबते, घुसले आत, पलीकडून पोरीच्या उशाशी जायला गेले आणि त्या मेल्या स्टुलावर आदळले." तिने नडगी दाखवली, तिथे काळानिळा डाग होता. "पायरीचं स्टूल हो, टेबलावर चढायचं. पोरीला चढवताना मीच ते दाराच्या बाजूला ठेवलं होतं. ते पलीकडे खिडकीच्या बाजूला कोणी नेलं, कोण जाणे."

बाईंनी नडगी नीट पाहिली, कौतुकाने पाहिली असे म्हटले तरी चालेल.

"हे तुम्ही अधीक्षकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही घाबरला होतात, तुमचा क्रम चुकतोय. घाबरल्यावर माणसाची नडगीही चुकते का हो?"

"बाळाची नाळ पाहिलीत?"

"शेपूटच ठेवलं होतं त्याला, ओल्या कापडात गुंडाळून. हे एवढं." आत्याने बोटांच्या टोकांपासून मनगटाच्या वर हात दाखवला. "दुसऱ्या दिवशी छाटलं."

आत खाटेवर बाळंतीण टक्क जागी होती. शेजारच्या पाळण्यात मुलगी झोपली होती. बाई खाटेच्या कडेला बसल्या.

"तुला कोणी विचारलं का, काय झालं ते?"

"विचारलं ना. जेवलात का, विचारलं. शी झाली का, विचारलं."

"मी विचारते. मूल झालं, पुढे?"

"मी म्हटलं, माझ्या पोटावर द्या. ती उंच सिस्टर म्हणाली, ताई, नाळ आखूड आहे, पोटापर्यंत पोचत नाही, मांडीशीच राहू दे जरा. मग म्हणाली, रडत नाहीये, आणि कापून घेऊन गेली. माझ्या तोंडावर ऑक्सिजन लावला होता. छतावरचा दिवा तेवढा दिसत होता."

"खालून कोणी ओढतंय असं वाटलं?"

तिने थोडा वेळ आठवले.

"ओढलं नाही कोणी. पडलं."

"पडलं?"

"माझ्यावर. आडवं. मला वाटलं, असंच करत असतील. मला काय माहीत, पहिलीच वेळ." ती कुशीवर वळू पाहत होती, वळता येईना. "टाके दुखतात ते समजू शकते. पण त्यापेक्षा बरगड्यांखाली जास्त दुखतं."

बाईंनी विचारून तिचा झगा वर केला. ऑपरेशनचे टाके ओटीपोटात, खाली होते. आणि पार वर, बरगड्यांच्या लगत, पोटावर आडवा जांभळा पट्टा उमटला होता, हाताच्या पुढच्या भागाएवढा रुंद. ज्या चौकशीने नाळेचा मार्ग इतक्या आत्मविश्वासाने तपासला होता, तिला पोट पाहायची आठवण झाली नव्हती.

बाईंनी झगा खाली केला, पांघरूण सारखे केले. मग बाळंतिणीचा हात धरून, काय झाले असावे ते त्यांनी तिला पहिल्याप्रथम सांगितले. अधीक्षकांच्या आधी, समितीच्या आधी.

४

लेबर रूम त्या वेळी रिकामी होती. भिंतीवर नवी कोरी पितळी पाटी होती: 'आदर्श मातृस्नेही प्रसूतिकक्ष'. ज्या दिवशी पिशवी उलटली त्याच दिवशी ही पाटी द्यायला पाहुणे आले होते. ते अधीक्षकांच्या दालनात चहा घेत बसले होते आणि स्वच्छ, रिकामी, मातृस्नेही खोली पाहायला मिळण्याची वाट पाहत होते. मातेची तेवढी अडचण होती.

बाई टेबलाजवळ उभ्या राहिल्या. सैल पडलेली पिशवी दोन प्रकारांनी उलटते, हे त्या वर्षानुवर्षे शिकवीत आल्या होत्या. वार सुटलेली नसताना खालून नाळ ओढली तर, किंवा वरून पोटावर भार टाकला तर. पुस्तके पहिले कारण ठळक छापतात, दुसरे त्याच्या पाठोपाठ येते. घाईत वाचणारा पहिल्यावरच थांबतो, आणि घाईत खोटे बोलणाराही.

त्यांनी टेबलावर हात आडवा टाकून पाहिला. टेबल उंच होते. त्यांच्यासारख्या मध्यम चणीच्या बाईचा हात पोचत होता, पण अंगाचा भार पडत नव्हता. शिडीसारख्या मुलीला नुसते वाकणे पुरले असते. मोठे डॉक्टर तर दारातून येताना मान लववीत. ज्या माणसाने पायरीचे स्टूल टेबलाच्या पलीकडे नेले, त्याला उंचीची गरज होती.

बाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. हे उत्तर त्यांना नको होते, म्हणून त्यांनी ते पुन्हा तपासले. ते तसेच राहिले.

चिमणी कपड्यांच्या खोलीत चादरी मोजीत होती.

"चिमणे, दार लाव."

तिने दार लावले आणि मागे न वळता म्हणाली, "तुम्हाला कळलं."

"तुझा जबाब मी वाचला, त्यात नाळ हा शब्दच नाही. बाकी सगळे नाळेवर निबंध लिहीत असताना तू ती एकदाही उच्चारली नाहीस. खोटं बोलायलाही तुला नीट शिकवलं नाही मी."

"मी खोटं बोलले नाही."

"किंकाळीनंतर आत आले असं लिहिलंयस."

"सरांनी लिहिलं. मी सही केली." चिमणी चादरींच्या ढिगावर बसली, तिचे पाय जमिनीला टेकेनात. "पाहुणे खाली आले होते, खोली रिकामी करा म्हणून अधीक्षक निरोपावर निरोप धाडत होते. सर आत आले, म्हणाले, अजून वार नाही? मी म्हटलं, सर, सुटली नाहीये, पिशवी सैल आहे, थांबू या. म्हणाले, दाब. मी म्हटलं, सर, सैल आहे. म्हणाले, मला शिकवू नकोस, चढ आणि दाब."

"आणि तू चढलीस."

"चढले."

"तू. साऱ्या वर्गाला जिने सांगितलं होतं, की सैल पोटावर भार टाकणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत."

"वर्गात सांगायला काय जातं, बाई?"

बाहेरून ट्रॉलीच्या चाकाची करकर येऊन गेली.

"उद्या समितीत हे सांगशील?"

"तुम्ही निवृत्त झालात. घरी जाल. मला सोमवारी त्यांच्याच समोर उभं राहायचंय."

"शिडीला सोमवार उरलेला नाही."

चिमणीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते खरोखरच लहान होते.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही सांगितलंत तर नाही म्हणेन."

५

समितीच्या टेबलाभोवती मोठे डॉक्टर, अधीक्षक आणि दोन विश्वस्त बसले होते. भिंतीकडच्या खुर्च्यांवर एका टोकाला शिडी, दुसऱ्या टोकाला चिमणी. मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाई, तुमचा अहवाल?" अधीक्षक म्हणाले.

"देते. आधी एक शंका. डॉक्टर, ते वेढे नक्की दोनच होते?"

"निदान दोन," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज भारदस्त होता. दुःखाची बातमी सांगायला नेहमी तोच वापरला जाई. "उजव्या मुठीला. हे दृश्य मी विसरणार नाही."

"उत्तम. विसरू नका." बाईंनी थैलीतून बँडेजची गुंडाळी आणि कात्री काढली. "बाळंतीण सांगते, मूल पोटावर पोचत नव्हतं, मांडीपर्यंतच येत होतं. म्हणजे मुळात नाळ इतकी." त्यांनी पट्टी मापून कापली. "मूल रडत नव्हतं म्हणून सिस्टरने बाळाकडे लांब तुकडा ठेवला. तो तिच्या आत्यानं पाहिला, बाळाच्या खोलीतल्या दोन सिस्टरांनीही पाहिला. मी सकाळी विचारून आले. तो इतका." पट्टीचा मोठा भाग कापून त्यांनी बाजूला ठेवला. उरलेला तुकडा त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. तो अंगठ्याएवढा होता. "आईकडे एवढी उरली. कृपा करून हिचे मुठीला दोन वेढे देऊन दाखवा."

एका विश्वस्ताने तो तुकडा उचलला, स्वतःच्या बोटाला गुंडाळायचा प्रयत्न केला आणि गुपचूप परत ठेवला.

"चिमट्यानं धरूनही ओढता येतं," डॉक्टर म्हणाले.

"येतं. पण तुम्ही चिमटा पाहिला नाहीत, वेढे पाहिलेत. त्या खोलीत नाळ पाहिलेली प्रत्येक व्यक्ती ती आखूड होती असं सांगते. बाळंतिणीला ठाऊक होतं, सिस्टरला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त तुम्हाला, कारण तुम्ही नाळ पाहिलीच नाही. ती तुम्ही पुस्तकातून आणली आणि पुस्तकातली नाळ नेहमी पुरेशी लांब असते."

"नाळ आखूड होती हे नोंदलंय कुठे? एका गुंगीतल्या बाईच्या बोलण्यावर तुम्ही..."

दार उघडले. आत्या चाकाची खुर्ची ढकलीत आत आली. खुर्चीत बाळंतीण होती आणि तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी.

"ही अंतर्गत बैठक आहे," अधीक्षक म्हणाले.

"माझ्या पिशवीबद्दल बोलताय ना?" बाळंतीण म्हणाली. "मग याहून अंतर्गत काय असणार? मी बसते."

"बाई, हिला कोणी कळवलं?"

"मी. काल. जिचं शरीर, तिला आधी." बाई पुढे बोलू लागल्या; आवाज चढला नाही, उलट थंड होत गेला. "नाळ कोणी ओढली, असा प्रश्न तुम्ही मला दिलात. कोणीही ओढली नाही, हे त्याचं उत्तर आहे. हिच्या बरगड्यांखाली आडवा वळ आहे, तो विश्वस्तांनी हवा तर आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. पिशवी वरून दाबल्यामुळे उलटली. शिडी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून मुलाला श्वास देत होती. ते मूल समोर आहे, श्वास घेतंय. दाबणाऱ्याला पायरीच्या स्टुलावर चढावं लागलं. त्या खोलीत ज्याला स्टूल लागेल असं एकच माणूस होतं, आणि आपण होऊन ते माणूस कधीही चढलं नसतं."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"इन्चार्ज," अधीक्षक म्हणाले, "हे खरं आहे?"

डॉक्टर चिमणीकडे पाहत होते. तसेच, जसे सोमवारी पाहिले असते.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्चीत पाठ टेकली. तेव्हा बाळंतिणीने स्वतःच खुर्चीचे चाक हाताने फिरवले आणि चिमणीच्या समोर नेले.

"माझ्याकडे बघ म्हणणाऱ्या तुम्हीच ना? तुम्ही मला वाचवलंत, हे मी सगळ्यांना सांगते. एक विचारायचं होतं. मूल झाल्यावर तिथे कोणी पुरुष म्हणत होता, अजून, अजून, जोर लाव. मला वाटलं, मलाच सांगतायत. मूल झालं होतं, तरी मी लावला जोर. अंगात नव्हता तेवढा लावला. म्हणून उलटली का हो? माझ्यामुळे? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे."

चिमणी उठून उभी राहिली. उभी राहिल्यावरही ती खुर्चीतल्या बाळंतिणीहून फारशी उंच दिसत नव्हती.

"तुम्हाला नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं. मी दाबलं. यांनी सांगितलं आणि मी दाबलं. तुमचं काही चुकलं नाही."

डॉक्टर उठले. "ही बाई दबावाखाली..."

"हो," चिमणी म्हणाली. "तेव्हा होते."

६

यानंतर अधीक्षकांनी जे केले ते अधीक्षक करतात. त्यांनी चहा मागवला, बाळंतिणीला आदराने बाहेर नेण्याची सोय केली आणि बाईंना शेजारच्या खोलीत घेतले.

"शिडीचं नाव काढतो," ते म्हणाले. "तुम्हाला हवं होतं ते झालं. आता अहवालात 'परिस्थितीजन्य दुर्मीळ गुंतागुंत' असं लिहू या. कोणाचंच नाव नको. अशा केसेस होतातच हो जगात."

"होतात. दगडावर ठेच लागते तशाही होतात आणि कोणी दगड मारला तरी होतात. परिस्थिती स्टुलावर चढत नाही. दाबलं चिमणीनं, सांगितलं डॉक्टरांनी, आणि पाहुणे खाली आलेत म्हणून घाई करवली तुम्ही. तीन नावं आहेत. उतरत्या क्रमानं हवीत की चढत्या?"

"माझं नाव?"

"तुमच्यापासूनच सुरू केलंय. अहवालाची प्रत सकाळी बाळंतिणीला दिली आणि दोन्ही परिषदांना पाठवली, डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या. ही तिसरी, तुम्हाला. सहीसकट. सहीच हवी होती ना?"

त्या निघाल्या. जिन्यात चिमणी उभी होती, गणवेशाचा बिल्ला काढून हातात धरलेला.

"परिषदेपुढे मी स्वतः जाईन," ती म्हणाली. "काय होईल?"

"शिक्षा होईल. व्हायलाच हवी." बाई तिच्यासमोर थांबल्या. "आणि मी तुझ्या शेजारी बसेन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात."

चिमणीने मान हलवली. रडली नाही.

समितीने शिडीवरचा आरोप मागे घेतला. तो आपणच ठेवला होता याचा उल्लेख मात्र कुठे येऊ दिला नाही. तिला लगेच पाळीवर हजर व्हायला सांगितले. बाईंना घरी जायचे होते, पण पाय आपोआप लेबर रूमकडे वळले. त्या मुलीशी दोन शब्द बोलावेत, असे त्यांना वाटत होते. शब्दही तयार होते. चांगले, घोटून बांधलेले, एरवी निरोप समारंभात शोभावेत असे.

आत टेबलावर एक बाई दात आवळून कण्हत होती. तिची सासू पाठ चोळीत होती. एक तरुण डॉक्टर घड्याळाकडे पाहून म्हणाला, "सिस्टर, वरून जरा हात देता का? लवकर आटपेल."

"नाही देणार," शिडी म्हणाली. डोके वर न करताच म्हणाली. "तिचं ती करतेय. आपल्याला काय घाई?"

तरुण डॉक्टरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि घड्याळ बांधलेला हात मागे घेतला.

बाई दोन पावले पुढे आल्या. घसा साफ केला.

"हे बघ, मला तुला एवढंच सांगायचं होतं..."

"बाई, बाजूला व्हा," शिडी म्हणाली. "उजेड अडतोय."

बाई बाजूला झाल्या.